लंकेत लिहिलेला राम

विज्ञानकादंबरी वाचताना माझे लक्ष हमखास भलतीकडे जाते. यान गुरूच्या कक्षेत शिरत असते, कप्तान घामाघूम झालेला असतो, इंधन संपत आलेले असते आणि मला प्रश्न पडतो, की या मंडळींनी सकाळपासून काही खाल्ले आहे का? खाल्ले असेल तर केले कोणी? खरकटे टाकले कुठे? लेखक शंभर पाने प्रकाशवर्षांत बोलतो आणि स्वयंपाकघराबद्दल अवाक्षर काढत नाही. अशा लेखकावर माझा विश्वास बसत नाही. ज्याला चार माणसांच्या दोन वेळच्या जेवणाचा हिशेब मांडता येत नाही, त्याचा अणुइंजिनाचा हिशेब मी का म्हणून मान्य करावा?

घरात माझ्या या वाचनपद्धतीची थट्टा होते. "तू विज्ञानकथा वाचतेस की डबे मोजतेस?" असे नवऱ्याने एकदा विचारले. मी म्हणाले, दोन्ही. माणसे किती, दिवस किती आणि पिठाचे डबे किती, हेही गणितच आहे.

या कसोटीला ज्यूल व्हर्न पहिल्या दमात उतरला. भा. रा. भागवतांच्या कृपेने तो आम्हाला मराठीतच भेटला. भागवतांनी फास्टर फेणेला फुरसुंगीहून पुण्याला आणले आणि व्हर्नला फ्रान्सहून थेट आमच्या मे महिन्याच्या सुट्टीत आणले. या दोघांत परका कोण, हे त्या वयात कळतही नसे. व्हर्नने १८६५ साली तीन माणसांना तोफेत घालून चंद्राकडे उडवले आणि पुढे त्यांचे काय झाले ते सांगायला आणखी चार-पाच वर्षे घेतली. एवढ्या धक्क्याने त्यांचा लगदाच व्हायला हवा होता, हे पुढे शाळेत समजले. पण व्हर्नच्या माणसांचा लगदा होत नाही. ती शुद्धीवर येतात, इकडे तिकडे पाहतात आणि शेगडी पेटवून नाश्ता करतात. सूप असते, मांस असते, वर वाइनही असते. एकाने तर गुपचूप कोंबड्याही बरोबर घेतलेल्या असतात. याला म्हणतात पूर्वतयारी.

त्या पुस्तकातले मला सगळ्यात लक्षात राहिले ते मात्र कुत्रे. उड्डाणाच्या धक्क्याने एक कुत्रे मरते, त्याला बाहेर टाकतात, आणि ते मागे पडत नाही. यानाच्याच वेगाने, यानाच्या बाजूने, खिडकीबाहेर तसेच येत राहते. मी रडले होते. पुढे विज्ञानाच्या बाईंनी जडत्वाचा नियम फळ्यावर लिहिला, तेव्हा वर्गात बाकीच्यांना तो पाठ करावा लागला. मला ते कुत्रे आधीच ठाऊक होते.

वेल्सही या बाबतीत भरवशाचा माणूस. त्याचा कालप्रवासी इसवी सन ८,०२,७०१ पर्यंत जाऊन परत येतो. कपडे मळलेले, चाल लंगडी, चेहरा पांढराफटक. दिवाणखान्यात मित्र जेवायला बसलेले. आता या माणसाने पहिल्यांदा काय बोलावे? मानवजातीचे भवितव्य? तो म्हणतो, माझ्यासाठी थोडे मटण राहू द्या. इथे मी पुस्तक मिटून वेल्सला मनातल्या मनात हात जोडले. पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाऊन रात्री नाशिकरोडला उतरणारा माणूसही घरात पाऊल टाकताना दुसरे काही बोलत नाही. मटणाच्या जागी काय आहे, एवढेच वाराप्रमाणे बदलते.

अ‍ॅसिमोव्हने तर 'द केव्ह्ज ऑफ स्टील'मध्ये स्वयंपाक घरातून काढूनच टाकला. सगळे शहर छताखाली आणि सगळे लोक सामुदायिक भोजनगृहात. जागा ठरलेली, पदार्थ ठरलेला, तोही बहुतेक यीस्टपासून बनवलेला. आधी मी हरखले. ओटा पुसायचा नाही, उद्या भाजी काय हा प्रश्न नाही! पण पुढे कळते की बढती मिळालेल्या माणसाला बक्षीस म्हणून आठवड्यातून काही वेळा घरी जेवायची सवलत असते. म्हणजे हजारो वर्षे प्रगती करून पगारवाढीत मिळाले काय, तर घरचे जेवण. हा भाग मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. त्याने तेव्हापासून थट्टा थोडी कमी केली आहे.

आर्थर क्लार्कशी मात्र माझे, खरे तर सबंध नाशिकचेच, काहीतरी पूर्वजन्मीचे नाते असावे. त्याच्या '२००१: अ स्पेस ओडिसी'मधला हॅल नावाचा संगणक प्रसिद्ध आहे. इंग्रजीतली ती तीन अक्षरे दिसली की जगभरच्या वाचकांच्या अंगावर काटा येतो. नाशिकच्या वाचकाला ओझर आठवते. साठच्या दशकात मिग-२१ साठी ओझरला एचएएलचा कारखाना आला, पुढे सुखोई आली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये इथे बनलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए विमानाने आकाशात झेप घेतली. पण नाशिककरांच्या लेखी एचएएल म्हणजे वसाहत, कंपनीची बस, पाळी, कँटीन, आणि लग्नाच्या बोलणीत एका दमात सांगून टाकायची गोष्ट: "मुलगा एचएएलला आहे." त्यापुढे मुलीकडचे फारसे प्रश्न विचारत नसत. क्लार्कचा हॅल मात्र यानात झोपवून ठेवलेल्या माणसांना मारतो, आणि चित्रपटात तर बाहेर गेलेल्या माणसासाठी दार उघडायलाच नकार देतो. हे मी नात्यातल्या एका निवृत्त ओझरवाल्या काकांना रंगवून सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "युनियन नव्हती का तिथे?"

तर या क्लार्कने १९७३ साली 'रांदेव्हू विथ रामा' लिहिली. म्हणजे रामाची भेट. तो १९५६ पासून श्रीलंकेत राहायला होता आणि २००८ मध्ये तिथेच वारला. म्हणजे रामावरची जगातली सगळ्यात गाजलेली विज्ञानकादंबरी लंकेत बसून लिहिली गेली आणि मी ती वाचली पंचवटीत, काळारामाच्या देवळातली घंटा ऐकू येईल अशा घरात. एवढे जुळून आल्यावर पुस्तक गुपचूप वाचणे शक्यच नव्हते. सासूबाई समोर मेथी निवडत बसल्या होत्या. मी म्हणाले, "आई, या पुस्तकात एक यान आहे, त्याचं नाव राम."

"कोणी ठेवलं?"

मी सांगितले. साल २१३१. सूर्यमालेबाहेरून एक अजस्र वस्तू येताना दिसते. आकाशातल्या वस्तूंना द्यायची ग्रीक आणि रोमन देवांची नावे तोवर संपून गेलेली असतात, म्हणून खगोलशास्त्रज्ञ हिंदू देवांकडे वळलेले असतात. या पाहुण्याच्या वाट्याला रामाचे नाव येते.

"उरलेली नावं आपली," सासूबाई म्हणाल्या. "बरं, सीता कुठे आहे?"

सीता नाही. पन्नास किलोमीटर लांब, वीस किलोमीटर रुंद असा एक पोकळ दंडगोल आहे, तो स्वतःभोवती फिरतो आहे, आणि आत सगळीकडे अंधार. माणसे एन्डेव्हर नावाचे यान घेऊन त्यावर उतरतात. कप्तानाचे नाव नॉर्टन. हा नॉर्टन शहाणा, संयमी, मला आवडण्याजोगा माणूस आहे, पण त्याला दोन बायका आहेत. एक पृथ्वीवर आणि एक मंगळावर. दोघींना पाठवायचा खुशालीचा निरोप तो एकदाच तयार करतो आणि थोडा थोडा फरक करून दोन्हीकडे धाडतो. रामाच्या दारात पहिले पाऊल ठेवायला क्लार्कने नेमका हाच माणूस निवडावा! एकपत्नीव्रताची कथा त्याला लंकेत कोणी सांगितलीच नाही का? की सांगणारा लंकेचा म्हणून त्याने ती दुसऱ्या बाजूने ऐकली? सासूबाईंना मी मंगळावरची बायको सांगितली नाही. कप्तान संसारी आहे, एवढ्यावर भागवले.

याच नॉर्टनच्या मनात एके ठिकाणी असेही येते, की वजनरहित अवस्थेत बायकांच्या शरीराची जी हालचाल होते ती पाहता काही बायकांना यानात घेऊच नये, पुरुषांचे लक्ष विचलित होते. क्लार्कसारख्या दूरदर्शी माणसाला दीडशे वर्षे पुढचे यंत्र दिसले; पुरुषाचे लक्ष सुधारलेले मात्र दिसले नाही. असो. अंदाज बरोबर असण्याचीच शक्यता जास्त.

आता माझा नेहमीचा प्रश्न. यानात स्वयंपाक कोण करते? क्लार्ककडे उत्तर तयार आहे: माकडे. म्हणजे शिकवून, सुधारून तयार केलेले चिंपांझी. झाडलोट, जुजबी स्वयंपाक, हत्यारे आणून देणे, सगळी वरकामे त्यांच्याकडे, आणि त्यांना सांभाळणाऱ्या माणसाचे नाव रवी. मी पुस्तकातून मान वर केली आणि म्हणाले, "आई, रामाकडे वानर आहेत." त्या मेथीतून मान वर न करता म्हणाल्या, "असणारच."

पुढे पुढे तर मला वाटू लागले, की या माणसाने रामायण आडवेतिडवे कापून पुन्हा शिवले आहे आणि आपण काय केले याचा त्यालाच पत्ता नाही. राम सूर्याच्या जवळ येतो तसा आत उजेड होतो आणि मधोमध गोठलेला समुद्र वितळतो. पलीकडे जायचे आहे. सेतू नाही, तेव्हा ते पिंपांचा तराफा बांधतात. जिमी पाक नावाचा तरुण एका उडत्या सायकलीवरून समुद्र ओलांडून जातो, तिथे कोसळतो, शेवटी उंच कड्यावरून अंगातला सदरा धरून पाण्यात उडी मारतो. पण त्याआधी एक फूल तोडून बरोबर घेतो. समुद्र उल्लंघून गेलेला, पलीकडच्या बागेतून काहीतरी खूण घेऊन परतणारा एकटा वीर. शेपूट तेवढे नाही. मग बुध ग्रहावर राहणारे लोक घाबरून या रामावर बॉम्ब सोडतात, आणि तो निकामी करतो रॉड्रिगो नावाचा एक श्रद्धाळू ख्रिस्ती अंतराळवीर, ज्याची खात्री आहे की हे यान देवानेच पाठवले आहे. प्रत्येक युद्धात असा एक भक्त लागतोच.

शेवट ऐकायला सासूबाई मेथी बाजूला ठेवून बसल्या. राम बनवणारे कोण, ते कुठून आले, कुठे निघाले, काही काही कळत नाही. ते भेटतच नाहीत. यान सूर्याला वळसा घालते, त्याच्याकडून शक्ती घेते आणि माणसांकडे ढुंकूनही न पाहता निघून जाते. मला हा शेवट लागला. एवढी धावपळ, एवढे फोटो, एवढे वादविवाद, आणि पाहुण्याला आपण घरी होतो हेसुद्धा ठाऊक नाही. इंग्रजी समीक्षक यात विश्वाची उदासीनता वगैरे पाहतात. सासूबाईंना तसे काही वाटले नाही. त्या म्हणाल्या, "अगं, वनवासाला निघालाय तो. प्रत्येकाकडे थांबून कसं चालेल? आपल्याकडे थांबला होता, हेच पुष्कळ." आणि मेथी उचलून आत गेल्या.

या कादंबरीतल्या एका जागेपाशी मात्र मला विनोद सुचत नाही. नॉर्टन रामाच्या पृष्ठावर उतरतो, तिथे एक चाक असते, तो ते फिरवतो आणि दार उघडते. पुढचे दार, त्याच्या पुढचे दार, सगळी उघडतात. तू कोण, कुठला, असे कोणी विचारत नाही. माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर रामाचे दुसरे दार आहे. २ मार्च १९३० रोजी तिथे बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसे उभी राहिली आणि दार उघडले नाही. सत्याग्रह वर्षानुवर्षे चालला. क्लार्कला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण पंचवटीतल्या वाचकाला ते पान उलटताना ठाऊक असते. परग्रहावरच्या रामाचे दार माणसाला अधिक सहज उघडले, हा आमच्यावरचा शेरा आहे.

क्लार्कचे पुस्तक नुसते पुस्तक राहिले नाही, हेही सांगायला हवे. पृथ्वीवर आदळू पाहणाऱ्या लघुग्रहांवर पाळत ठेवणारी 'स्पेसगार्ड' नावाची व्यवस्था त्याने कादंबरीत कल्पिली होती; १९९२ मध्ये नासाच्या अहवालाने अशा खऱ्या पाहणीसाठी तेच नाव उचलले. आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये सूर्यमालेबाहेरून आलेली एक लांबुळकी वस्तू हवाईच्या दुर्बिणीला दिसली, तेव्हा अनेकांना पहिला आठवला तो क्लार्कचा राम. तिचे नाव शेवटी ओमुआमुआ ठेवले गेले. नाशिकच्या दृष्टीने हा अन्यायच. त्यानंतर २०१९ मध्ये एक आणि २०२५ मध्ये आणखी एक पाहुणा येऊन गेला. एकूण तीन झाले. ज्यांनी कादंबरीचे शेवटचे वाक्य वाचले आहे, त्यांना तीन या आकड्याचे महत्त्व सांगायला नको.

बाकीच्या परदेशी कादंबऱ्यांचे थोडक्यात आटोपते. फ्रँक हर्बर्टची 'ड्यून' मी मनमाडच्या मावसबहिणीकडे उन्हाळ्यात वाचली. वाळवंटी ग्रह, थेंबभर पाण्यासाठी जीव टाकणारी माणसे, घाम आणि लघवीसुद्धा गाळून पुन्हा प्यायला देणारे कपडे. बहिणीला ही कल्पना काल्पनिक वाटली नाही. तिने कपड्याची किंमत विचारली. त्या कादंबरीत राजवाड्यासमोर खजुराची वीस झाडे असतात आणि ती रोज शंभर माणसांचे पाणी पितात. ती म्हणाली, "बंगला कोणाचा आहे ते आधी सांग, मग झाडं का तोडत नाहीत ते मी सांगते." तिथे एक वाळवंटी सरदार आदर दाखवायला टेबलावर थुंकतो, कारण अंगातले पाणी देण्याहून मोठा मान नाही. या हिशेबाने आमच्या सरकारी इमारतींच्या जिन्यांइतका आदर जगात कुठेच दाखवला जात नसेल.

ब्रॅडबरीच्या 'फॅरनहाइट ४५१'मध्ये पुस्तके जाळणारे सरकार असते आणि शेवटी रानात राहणारी काही माणसे एकेक ग्रंथ तोंडपाठ करून स्वतःच ग्रंथ होऊन जातात. १९५३ साली अमेरिकेत हे भयंकर भविष्य वाटले. आमच्या त्र्यंबकला जाऊन पाहा, घनपाठ म्हणणारी दहा-बारा वर्षांची मुले सकाळी तेच करत असतात. आणि इंद्रायणीत बुडवलेली गाथा लोकांच्या ओठांवर तरली, ही कथा तर वारीतल्या कोणालाही विचारा. आमच्या ग्रंथांना आगीपेक्षा भीती आहे ती माळ्यावरच्या वाळवीची, आणि तिच्यावर ब्रॅडबरीने काही लिहिलेले नाही.

आता मराठीकडे. मराठी विज्ञानकथेवर माझे प्रेम आहे म्हणूनच एक तक्रारही आहे. तिच्यात एक शास्त्रज्ञ असतो. तो परदेशातून नुकताच आलेला असतो. त्याचा एक साधाभोळा मित्र असतो, आणि एक बायको असते, जी चहाचा ट्रे घेऊन येते आणि ट्रे ठेवता ठेवता म्हणते, "भावजी, पण कृष्णविवर म्हणजे काय हो?" मग पुढची चार पाने शास्त्रज्ञ बोलतो. ही बाई नसती तर मराठीत कृष्णविवर कोणी कोणाला समजावून सांगितले असते? तिचे ऋण कोणी मानलेले नाही. शुभदा गोगटे आणि माधुरी शानभाग विज्ञानकथा लिहू लागल्या, तेव्हा मला पहिल्यांदा वाटले, की आता ट्रे दुसरा कोणी उचलेल. सुबोध जावडेकरांनी माणसाच्या मेंदूत डोकावणाऱ्या गोष्टी लिहिल्या, तिथेही व्याख्यान कमी आणि माणूस जास्त भेटतो.

जयंत नारळीकरांच्या बाबतीत तर बायकोचा वाटा ट्रेपेक्षा बराच मोठा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा लिहिली. नाव पाहून परीक्षकांनी बक्षीस द्यायला नको, म्हणून आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटवून 'नारायण विनायक जगताप' असे नाव घेतले. आयोजकांना अक्षरही ओळखू येईल, म्हणून कथा उतरवून काढली मंगलाताईंनी, ज्या स्वतः गणितज्ञ होत्या. पहिले बक्षीस जगतापांना मिळाले. मराठी विज्ञानकथेचा हा टप्पा एका गणिती गृहिणीच्या हस्ताक्षरात सुरू झाला, हे मला त्या कथेइतकेच आवडते.

पण माझी सगळ्यात लाडकी कथा 'गंगाधरपंतांचे पानिपत'. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर अशा मुंबईत पोचतात, जिथे मराठे पानिपत जिंकलेले आहेत. आपल्या इतिहासात विश्वासरावांना गोळी लागली. त्या इतिहासात ती कानाला चाटून गेली. बस, एवढाच फरक. त्यानंतर पेशव्यांनी शहाणपणाने राज्य केले, इंग्रज मुंबईपुरते उरले. कथेत नंतर विज्ञान येते, समजावून सांगणारा मित्रही येतो, पण तोवर मराठी वाचकाचे काम झालेले असते. १४ जानेवारी १७६१ ही तारीख आपण अजून पूर्ण मागे टाकलेली नाही; तिळगूळ वाटताना आमच्याकडे कोणीतरी तिचा विषय काढतोच. नारळीकरांनी दुखऱ्या जागेवर बोट आधी ठेवले आणि सिद्धान्त नंतर सांगितला.

ही कथा नाशिकात वाचली की शहरच हलू लागते. रामकुंडाजवळ नारोशंकराचे देऊळ आहे. तिथली मोठी घंटा चिमाजीअप्पांच्या वसईच्या विजयाची खूण, पोर्तुगिजांकडून आलेली. देऊळ बांधणारे हे नारोशंकर पानिपताच्या वेळी दिल्लीत होते. सदाशिवरावभाऊ दिल्लीचा बंदोबस्त त्यांच्यावर सोपवून पुढे गेले होते. गोळी कानाला चाटून गेली असती, तर त्या देवळात दुसरी घंटाही टांगली गेली असती काय? आणि गंगापूर रस्त्याने थोडे पुढे आनंदवल्ली. राघोबादादा आणि आनंदीबाई यांचे गाव. विश्वासराव जगते तर माधवराव पेशवे झाले नसते, नारायणरावांची पाळी आली नसती, 'ध'चा 'मा' करायला कोणाला शाईची दौत उघडावी लागली नसती, आणि आनंदीबाई नवश्या गणपतीच्या दर्शनाला येणारी एक मानाची सरदारीण म्हणून निवांत म्हातारी झाली असती. इतिहासाने एका बाईवर केलेला अन्याय एका गोळीने पुसला असता. आनंदवल्लीतल्या फ्लॅटचे भाव मात्र दोन्ही इतिहासांत सारखेच असते, अशी माझी खात्री आहे.

डिसेंबर २०२१ मध्ये ९४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन नाशिकला, आडगावला भरले आणि अध्यक्ष होते नारळीकर. एका वैज्ञानिकाला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. करोनामुळे आधीच पुढे ढकललेले संमेलन. प्रकृतीमुळे अध्यक्ष येऊ शकले नाहीत, भाषण तेवढे पोचले. त्यावर तेव्हा बरेच बोलले गेले. मला त्यात वावगे काही वाटले नाही. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्या विश्वांबद्दल लिहिले, ते एका विश्वात मंचावर बसलेले होते आणि आम्हाला दुसऱ्या विश्वाचे तिकीट मिळाले होते, असे मी धरून चालते. २० मे २०२५ रोजी ते पुण्यात गेले. त्या आठवड्यात मी पुन्हा पानिपतच वाचले.

विज्ञानकथा वाचायला सुरुवात कुठून करावी, असे मला अधूनमधून विचारले जाते, म्हणून सांगून ठेवते. आधी नारळीकरांचे 'यक्षांची देणगी' घ्या. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालापासून पुस्तके देते आहे, तिथे मागा. घरात मुले असतील तर भागवतांचा व्हर्न त्यांच्या हाती द्या आणि कुत्र्याचा प्रसंग येईल तेव्हा जवळपास राहा. 'ड्यून' पावसाळ्यात वाचा, उन्हाळ्यात चिडचिड होते. क्लार्कचा 'रामा' घरातल्या वडीलधाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवा, मंगळावरची बायको गाळून. त्याचे पुढचे भाग त्याने दुसऱ्या लेखकाबरोबर लिहिले आहेत, ते वाचले नाहीत तरी चालेल. त्यांत रहस्य कमी आणि घरगुती भांडणे इतकी आहेत, की तेवढ्यासाठी वाचनालयाची वर्गणी भरायची गरज नाही.